दोरीच्या पलीकडे पाऊल टाकू नका

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींनो,

मेमोरियल डेची लांब सुट्टी तोंडावर आली आहे. एडिसन, जर्सी सिटीहून आपल्या गाड्या शनिवारी सकाळीच सँडी हूकच्या वाटेला लागतील. डब्यात थालीपीठं, पिशवीत भेळेचं सामान, मुलांच्या हातात बादली, फावडं नि पतंग. जरूर जा. मात्र नेमक्या याच दिवसांत त्या वाळूवर एका पक्ष्याचा संसार मांडलेला असतो. म्हणून हे घाईने लिहिते आहे.

पक्ष्याचं नाव पायपिंग प्लवर. आपल्या टिटवीच्या कुळातला, पण आकाराने चिमणीहून थोडाच मोठा, वजन पन्नास-साठ ग्रॅम. पाठ कोरड्या वाळूच्या रंगाची, पाय नारिंगी, गळ्याशी काळी पट्टी. टिटवीसारखाच हाही काड्या गोळा करत बसत नाही. वाळूत उथळ खळगा करतो, शिंपल्यांच्या कपच्या अंथरतो, आणि त्यावर मादी बहुधा चार ठिपकेदार अंडी घालते. शेजारी उभं राहिलं तरी ती दिसत नाहीत. म्हणूनच तिथे खांब रोवून दोरी बांधलेली असते.

गेल्या जूनमध्ये मी स्वयंसेवक म्हणून त्या दोरीपाशी उभी होते. एक छोटी मुलगी ओरडली, "बाबा, त्याचा पंख मोडलाय!" पक्षी खरंच एक पंख वाळूवरून फरफटवत लंगडत चालला होता. बाबा मदतीच्या भावनेने दोरी ओलांडून मागे निघाले. मी त्यांना थांबवलं. पंख धडधाकट होता. आपल्याला घरट्यापासून लांब न्यायचं म्हणून ते सोंग होतं. आपण मागे धावतो तेवढा वेळ अंडी उघड्या उन्हात तापत राहतात, आणि वर कावळे, सीगल टपलेलेच असतात.

अंडी सुमारे चार आठवडे उबवावी लागतात. पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच चालू लागतात आणि पाण्याच्या कडेला आपलं आपण टिपून खातात. उडता मात्र येत नाही. त्याला आणखी साधारण महिना लागतो. धोका दिसला की पिल्लू पळत नाही, जागीच दबून बसतं. कापसाच्या बोळ्याएवढं एक पिल्लू मी माणसाच्या पावलाच्या ठशात बसलेलं पाहिलं आहे. मागून येणाऱ्याला ते कसं दिसणार?

1986 साली अटलांटिक किनाऱ्यावरचा हा पक्षी संकटग्रस्त म्हणून कायद्याच्या संरक्षणाखाली आला, तेव्हा जेमतेम आठशे जोड्या उरल्या होत्या. आज दोन हजारांहून अधिक आहेत. दोऱ्या, पाट्या आणि पहारा यांनी हे घडवलं. तरी न्यू जर्सीचा आकडा शे-सव्वाशे जोड्यांच्या आसपासच रेंगाळतो आहे, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या लाडक्या सँडी हूकवर आहे. तेव्हा ऑगस्ट संपेपर्यंत एवढं कराच:

• दोरीच्या आत जाऊ नका. चेंडू गेला तरी मुलांना पाठवू नका, रेंजरला सांगा.
• चटई दोरीपासून लांब टाका. पक्षी ओरडू लागला, लंगडू लागला, तर आपण फार जवळ आलो आहोत, लगेच मागे फिरा.
• पतंग तिथे उडवू नका. खालून तो त्यांना शिकारी पक्षी वाटतो आणि ते अंडी सोडून उठतात.
• कुत्रा घरी ठेवा. उन्हाळ्यात सँडी हूकच्या समुद्राकडच्या किनाऱ्यांवर त्याला बंदीच आहे.
• कुरमुरे, पोळीचे तुकडे सीगलना घालू नका. उरलंसुरलं वाळूत पुरू नका, गाडीत परत आणा. खरकट्यामागे कोल्हे, कावळे येतात आणि मग अंड्यांवर वळतात.
• चार जुलैचे फटाके किनाऱ्यावर उडवू नका. तेव्हा बरीच पिल्लं अजून उडायची असतात.

'टिटवी देखील समुद्र आटविते' ही म्हण आपण लहानपणी ऐकली. त्या गोष्टीत समुद्राने अंडी पळवली, आणि शेवटी त्याला ती परत करावी लागली. इथे भरतीने खळगा वाहून नेला तर ही जोडी बऱ्याचदा पुन्हा अंडी घालते. मात्र उन्हाळा सरत आला की ती संधीही जाते. टाचेखाली गेलेलं अंडं तर कोणीच परत आणू शकत नाही.

शनिवारी निघण्याआधी हे मुलांना वाचून दाखवा, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर आजच टाका.