गृहकला : फुल्यांचा हिशेब आणि कापडाचा काउंट

भरतकामाचा नमुना पसंत करताना प्रथम नजरेत भरतात ते रंग. कापडाचा विचार बहुधा शेवटी होतो आणि दुकानात मिळेल ते मॅटी घरी येते. फुलीच्या टाक्यात, म्हणजे क्रॉस स्टिचमध्ये, कापडाचा विचार आधी व्हावा. कारण नमुन्याच्या कागदावर केवळ चौकोनांची संख्या असते. चित्र किती मोठे होणार हे कापड ठरवते.

कापडाच्या व्यापारात वावरलेल्या घरांना ‘काउंट’ हा शब्द नवा नाही. मात्र सुताचा काउंट वेगळा. एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात, यावरून तेथे सुताची तलमता कळते. भरतकामाच्या कापडाचा काउंट म्हणजे एका इंचात किती फुल्या बसतात, एवढेच. आकडा मोठा, तितकी फुली बारीक. एडा नावाचे चौकटीदार कापड ११, १४, १६ आणि १८ काउंटमध्ये मिळते.

रुखवतात मांडण्यासाठी १४० फुल्या रुंद आणि ९८ फुल्या उंच असा मोराचा नमुना निवडला, असे समजावे. फुल्यांच्या संख्येला काउंटने भागले की इंच मिळतात. १४ काउंटवर हा मोर १० बाय ७ इंचांचा होईल. ११ काउंटवर तो सुमारे पावणेतेरा बाय नऊ इंचांचा, तर १८ वर पावणेआठ बाय साडेपाच इंचांचा होईल. चौकट आधीच विकत घेतलेली असेल, तर हा भागाकार दुकानातच करावा. चौकटीवर ताणण्यासाठी चारही बाजूंना तीन तीन इंच कापड सोडावे. म्हणजे १४ काउंटचा तुकडा १६ बाय १३ इंचांचा हवा.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. बारीक कापड घेतले की चित्र लहान होते, म्हणून काम लवकर उरकेल, असे वाटते. वस्तुतः नमुना पूर्ण भरायचा असेल, तर कोणत्याही कापडावर फुल्या १३,७२० च घालाव्या लागतात. तासाला शंभर फुल्या धरल्या आणि रोज एक तास दिला, तरी साडेचार महिने लागतील. लग्न तीन महिन्यांवर आले असेल, तर कापड बारीक न करता नमुनाच लहान निवडावा. बारीक कापडाने वाचते ती केवळ जागा. डोळ्यांवरचा ताण मात्र वाढतो. घरातील ज्येष्ठ स्त्रिया हातभार लावणार असतील, तर ११ काउंट त्यांना सुखाचा ठरतो.

साध्या मॅटीबाबत अधिक सावधगिरी हवी. तिचे उभे व आडवे धागे नेहमीच सारखे नसतात. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करावे. मग दोन टाचण्या चार इंचांवर टोचून त्यांच्यामधील घरे मोजावीत व चाराने भागावे. हे उभे आणि आडवे असे दोन्हीकडे करावे. आडवा काउंट १४ आणि उभा १३ निघाला, तर वरील मोर सात इंचांऐवजी साडेसात इंच उंच होईल आणि नमुन्यातील वर्तुळे अंड्याच्या आकाराची दिसतील.

धागे मोजून भरण्याची ही रीत आपल्या शेजारच्या धारवाड भागातील कसुतीतही आहे. तिच्या चार टाक्यांपैकी मेंथी हा फुलीचाच टाका होय. कापडावर रेघ न काढता केवळ धागे मोजून तेथे इरकली लुगड्यांवर नक्षी उमटते.

दोऱ्याचे पदरही काउंटप्रमाणे बदलतात. सहा पदरी दोऱ्यातून ११ काउंटसाठी सामान्यतः तीन, १४ व १६ साठी दोन आणि १८ साठी एक किंवा दोन पदर घ्यावेत. सुई बोथट टोकाची असावी; ११ ला २२ नंबरची, १४ ला २४ ची, त्याहून बारीक कापडाला २६ ची.

एवढे ठरल्यावरही कापडाच्या कोपऱ्यात दहा बाय दहा फुल्यांचा एक चौकोन भरून पाहावा. फुल्यांमधून कापड डोकावत असेल, तर एक पदर वाढवावा. कापड आक्रसत असेल, तर एक कमी करावा. तो चौकोन सायंकाळच्या दिव्यातही सहज भरता आला, तर त्या घरासाठी तो काउंट योग्य समजावा.