चाळिशी आणि नेम

चष्म्याला कन्नडमध्ये ‘कन्नडक’ म्हणतात. आमचे आजोबा रोज सकाळी मराठी वर्तमानपत्र वाचण्यासाठी ‘कन्नडक’ शोधत आणि आम्ही पोरे हसत असू. ज्या घरात दोन भाषा नांदतात, तिथे असे विनोद फुकट मिळतात. चाळिशीचेही तसेच. वय आणि चष्मा, दोन्हींना मराठीत एकच शब्द. आणि तोच ‘चाळीसु’ होऊन कन्नडमध्ये सुखाने राहिला आहे. ती लागल्याचे कबूल करायला मात्र दोन्ही भाषांत सारखीच लाज वाटते.

हे आठवले माझ्या थोरल्या भावामुळे. दादा अठ्ठावीस वर्षे बडोद्याजवळ नंदेसरीला नोकरी करतो. बडोद्याहून महीच्या दिशेने निघाले की ही रासायनिक कारखान्यांची वसाहत लागते. वहिनी गोकाकच्या. गायकवाडांच्या राज्यामुळे बडोद्यात मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला. दांडिया बाजारात फिरताना कोल्हापुरात आल्यासारखे वाटावे इतके मराठी कानावर पडते. दादाच्या घरात मराठी, कन्नड आणि गुजराती एकाच ताटात वाढलेल्या असतात.

पाचेक वर्षांपूर्वी भाच्याने हौसेने चाकाचे धनुष्य, म्हणजे कंपाऊंड, घेतले. भाचा नोकरीला पुण्याला गेला, धनुष्य घरी राहिले आणि बापाने ते उचलले. आमच्या घरात हे रक्तातच असावे. आजोबा शिकारी होते. डोंगरात ‘बेटे’ला जायचे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांची बंदूक खुंटीला लागली ती कायमची. ते बरेच झाले. नातवाच्या वाट्याला शिकार नाही, पण कागदावरचे पिवळे वर्तुळ आले. दर रविवारी सकाळी दादा पन्नास मीटरवर बाण मारतो. छप्पन्नाव्या वर्षी हा छंद लागला म्हणून वहिनी कुरकुरतात, पण चहाचा थर्मास भरून देतात.

गेल्या वर्षी दादाचे बाण विस्कटू लागले. सकाळी ठीक पडायचे, कधी आठवडाभर कुठेही जायचे. त्याने धनुष्य तपासले, दोरी बदलली. मग ठरवले की साईट जुनी झाली. नेम धरण्यासाठी धनुष्याला पुढे बसवतात ती ही साईट. दादाने इंटरनेटवर शोध केला आणि परदेशी शिकाऱ्यांसाठीच्या साईटांच्या बाजारात जाऊन पडला.

तो बाजार मीही त्याच्याबरोबर पाहिला. अमेरिकेत ठरावीक हंगामात परवाना काढून धनुष्याने हरणाची शिकार करता येते, आणि तिथले बरेच शिकारी आता पन्नाशी-साठीचे आहेत. म्हणून ‘वाढत्या वयाच्या डोळ्यांसाठी’ म्हणून साईटी विकल्या जातात. पाच-पाच पिना, हिरव्या-लाल चमकत्या तंतूंची टोके, बॅटरीवर पेटणारे ठिपके. पण शिकाऱ्याला हे लागते कारण त्याला झुंजुमुंजू उजेडात, किती अंतरावर आहे हे ठाऊक नसलेल्या जनावरावर नेम धरायचा असतो. वीस यार्डांना एक पिन, तीसला दुसरी. दादाला दिवसाढवळ्या, मोजून आखलेल्या पन्नास मीटरवर मारायचे आहे. त्याला पाच पिना कशाला? उलट, थकलेल्या डोळ्याला पाच पिनांची गर्दी पुसट होऊन एकच झाडू दिसतो. तिकडचे जाणते वयस्क शिकारीही शेवटी एकाच, वरखाली सरकणाऱ्या पिनेवर येतात. चमकत्या ठिपक्याची आणखी एक गोष्ट: डोळ्यात तिरपा नंबर असेल तर तो ठिपका धूमकेतूसारखा शेपूट काढतो. ठिपका वाईट नसतो, डोळ्याचा आकार तसा असतो.

दादाने या गर्दीतून एक महागडे भिंग निवडले. कंपाऊंडच्या साईटला पुढे भिंग बसवता येते, ‘फोर एक्स’, ‘सिक्स एक्स’ अशा नावांनी ते मिळते. त्याने मोठ्यात मोठे घेतले. पिवळे वर्तुळ मोठे दिसले खरे, पण कापसासारखे. आणि हाताचे थरथरणेही तितकेच मोठे दिसू लागले. पैसे गेले, बाण होते तिथेच.

दिवाळीच्या सुटीत मी गेले तेव्हा वहिनी एका वाक्यात म्हणाल्या, “मोदल कण्णु तोरसरी, आमेल साईट तगोरी.” आधी डोळे दाखवा, मग साईट घ्या. दादा उठून बाहेर गेला.

त्यांच्या बोलण्याला कारण होते. कारखान्यात मीटरवरचे आकडे नोंदवताना दादा हल्ली हाताखालच्या मुलाला “तू वाच रे, मी लिहितो” म्हणत होता. त्या मुलाला तो मोठेपणा वाटत होता. वहिनींना कळले होते, कारण घरी मोबाईलवरचे मेसेजही दादा त्यांनाच वाचायला लावत असे. बाण चुकला तर कागद फुकट जातो. मीटर चुकला तर काय होईल, हे त्याने आम्हाला सांगितले नाही.

आता डोळ्याचे थोडे गणित, कंटाळा करू नका. कंपाऊंड ओढल्यावर डोळ्यापुढे तीन गोष्टी येतात. डोळ्याजवळच दोरीत बसवलेली बारीक भोकाची कडी, तिला पीप म्हणतात. मग हाताच्या टोकाला साईट, साधारण ऐंशी सेंटिमीटरवर. आणि पन्नास मीटरवर निशाण. तरुण डोळ्याचे भिंग क्षणात जवळून लांब, लांबून जवळ जाते. दहाव्या वर्षी त्याची ताकद बारा-चौदा नंबराइतकी असते, चाळिशीत चार-पाचावर येते, साठीला जेमतेम एक उरते. ऐंशी सेंटिमीटरवरची साईट स्वच्छ दिसायला सव्वा नंबर लागतो. म्हणजे छप्पन्नाव्या वर्षी साईट आणि निशाण एकाच वेळी लख्ख दिसणे नाही. एकाला सोडावे लागते.

सोडायची ती साईट. वाचायचा चष्मा घालून पिन स्वच्छ करू गेले की निशाण धुक्यात जाते. तेव्हा पिनेऐवजी कडे घ्यावे. कड्याची रेघ पुसट दिसली तरी गोलात गोल बसवणे डोळा आपोआप करतो. पिनेचे टोक मात्र टोकदार दिसलेच पाहिजे, नाहीतर ते कुठे आहे हेच कळत नाही. छोटा उदेपूरकडे (२०१३ पर्यंत तो भाग बडोदा जिल्ह्यातच होता) राठवा आणि भिल्ल समाजात बांबूचा तीरकामठा अजून आहे. त्याला ना साईट ना पीप. नजर फक्त लांबच्या खुणेवर, आणि लांबचे दिसणे चाळिशीने बिघडत नाही. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्ये सॅम्युएल डुव्हॉल या अमेरिकन गृहस्थांनी अडुसष्टाव्या वर्षी तिरंदाजीचे सांघिक रौप्य मिळवले, तेही साध्या लाकडी धनुष्याने.

पीप मात्र म्हाताऱ्या डोळ्याचा मित्र आहे. चष्मा विसरलेले आजोबा मूठ आवळून तिच्या बारीक फटीतून औषधाच्या बाटलीवरचे अक्षर वाचतात, तेच तत्त्व. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहा, पुसट अक्षर उजळते. भोक बारीक केले की स्वच्छ दिसते, पण अंधार वाढतो. आणि साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणून अतिबारीकही नको. पीपमध्येच छोटे भिंग बसवता येते. एका जातीचे भिंग साईट स्वच्छ करते, दुसऱ्या जातीचे पुढच्या मोठ्या भिंगामुळे पुसट झालेले निशाण. दादाने मोठे भिंग घेतले आणि त्याची ही जोडी घेतलीच नाही. ऑलिम्पिकमधल्या साध्या वाकड्या धनुष्याला, म्हणजे रिकर्व्हला, नियमाने साईटवर भिंग आणि दोरीत पीप चालत नाही. कंपाऊंडला दोन्ही चालते. साताऱ्यात शिकलेले अदिती स्वामी आणि ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला याच धनुष्यावर जगज्जेते झाले. २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच असणार आहे.

चष्म्याचे एक सांगायचे राहिले. नेम धरताना मान वळलेली असते आणि नजर काचेच्या नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून जाते. चढत्या नंबराच्या चष्म्यात तिथे चित्र वाकू शकते. तिरंदाजीसाठी फक्त लांबच्या नंबराचा, मोठ्या काचेचा वेगळा चष्मा बरा.

शेवटी दादा गेला. टाचणीच्या भोकातून त्याला कधी लख्ख दिसायचे, कधी नाही, हे ऐकून डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला पाठवले. साखर खूप वाढलेली निघाली. साखर वरखाली झाली की डोळ्यातल्या भिंगातले पाणी कमी-जास्त होते आणि नंबरच बदलतो. बाण आठवड्यागणिक विस्कटत होते ते यामुळे. डॉक्टरांनी चष्मा द्यायला नकार दिला. साखर जागेवर येऊ द्या, मग नंबर काढू, म्हणाले. औषध घालून पडदा तपासला. मधुमेहाने पडदा बिघडू लागला तरी सुरुवातीला माणसाला काहीच कळत नाही; दादाचा पडदा चांगला निघाला. मोतीबिंदूची मात्र सुरुवात आहे.

दोन महिने धनुष्य पेटीत होते. दादा चिडचिडा झाला होता, भात बंद झाला तो वेगळाच राग. पण कारखान्यात त्याने स्वतःहून साहेबांना सांगितले आणि नवा चष्मा येईपर्यंत मीटर वाचायचे काम दुसऱ्याकडे दिले. हे मला वहिनींकडून कळले.

फेब्रुवारीत चष्मे आले: एक कामाचा, एक बाणांचा. साईटवर आता कडे आहे, भिंग ‘फोर एक्स’वर उतरले आहे, पीपमध्ये जोडीचे भिंग बसले आहे. पहिल्या रविवारी सहा बाणांतले दोन पिवळ्यात, तीन लाल पट्ट्यात आणि एक कागदाबाहेर गेला. दादाने फोटो पाठवला तो पाचच बाणांचा. सहाव्याचे वहिनींनी फोनवर सांगितले.