पूजा गाडीची, परीक्षा ब्रेकची

दसऱ्याला झेंडूची माळ घालून जुन्या मोटारसायकलीची पूजा करणाऱ्यांशी माझे भांडण नाही. वाहनाला हात जोडणे ही आपली रीतच आहे. भांडण आहे ते पूजा आटोपताच त्याच गाडीवर मागे सौभाग्यवती आणि पुढे टाकीवर चिरंजीव बसवून घाटाकडे निघणाऱ्या सोवळ्या मंडळींशी. तिला डिस्क ब्रेक बसवा म्हटले की हे कानांवर हात ठेवतात. म्हणे, गाडी बाटते!

हा वाद कर्जत तालुक्यातल्या पोशीरला बसून घातला, तर निवाड्यासाठी लांब जायला नको. जवळच नेरळ आहे, आणि तेथून माथेरान चढणारी छोटी आगगाडी १९०७ सालची. उतारावर ती आवरण्यासाठी डब्यांच्या सांध्याशी माणसे बसत आणि हातांनी ब्रेक आवळीत. २०१६ साली ती रुळांवरून घसरली व बंद ठेवावी लागली. पुन्हा सुरू करताना डब्यांना हवेच्या दाबाचे ब्रेक बसवले. आता सांगा, माथेरानच्या गाडीचे कूळ त्याने बुडाले काय?

जुनी बुलेट घ्या किंवा म्हैसूरची जावा. दोघींना ड्रम ब्रेक. ड्रमच्या पोटात दोन ब्रेकशू पसरतात आणि आतल्या भिंतीला घासतात. लांब उतारावर ती उष्णता आतच कोंडते. तापलेला ड्रम फुगून ब्रेकशूपासून दूर सरतो, लायनरची पकड सुटते, आणि लिव्हर मुठीला टेकला तरी गाडी आपली चालतेच आहे! पावसाचे पाणी आत शिरले तर ते लवकर निघत नाही. डिस्क उघड्या वाऱ्यावर फिरते. तापली तरी निवते, भिजली तरी सुकते.

"पण आमचे आजोबा याच ब्रेकवर फिरले!" फिरले खरे, त्यांच्या पुढे बैलगाडी होती. तुमच्या पुढे काय आहे? एप्रिल २०१९पासून १२५ सी.सी.वरील प्रत्येक नव्या मोटारसायकलीला चाक न अडकू देणारी ए.बी.एस. यंत्रणा सक्तीची आहे. पुढचा जागच्या जागी थांबेल आणि तुम्ही परंपरेसकट त्याच्या पाठीत शिराल. एंजिनाचा आवाज मालकाचा खाजगी शौक असेल. ब्रेक मात्र रस्त्यावरच्या प्रत्येकाचा असतो.

यावर टाळ्या पिटणाऱ्या उत्साही मंडळींनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. कोठल्या तरी गाडीचा कॅलिपर आणायचा, पत्र्याची पट्टी कापून फोर्कला वेल्डिंगने चिकटवायची, याला सुधारणा म्हणत नाहीत. ब्रेक दाबताच तो सारा ताण फोर्कच्या एकाच पायावर येतो. जुना पाय त्यासाठी घडवलेलाच नव्हता. फोर्क, चाक, कॅलिपर आणि लिव्हरजवळचा मास्टर सिलिंडर हे एकमेकांना जुळणारे कुटुंब आहे. आणायचे तर सबंध आणावे, आणि काढलेले मूळ भाग तेल लावून जपून ठेवावे.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर नेणारे बदल अडवते. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या दुचाकींना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण ती घेतलेली गाडी रोज वापरता येत नाही. उत्तम! अशी गाडी प्रदर्शनात मिरवावी, मूळ ड्रमसकट. परंतु जी जुनी गाडी रोज भाजी आणते आणि मुलांना शाळेत सोडते, तिचे काय? मोटारीला गॅसची टाकी बसवायला मान्यताप्राप्त किटची सरळ वाट आहे. तशीच वाट तपासून पसंत केलेल्या ब्रेकलाही हवी. आणि ती मागण्यात जुन्या गाड्यांच्या भक्तांनीच पुढे असावे.

गाडी जपायची ती पुढच्या पिढीसाठी, असे हेच लोक सांगतात. ती पिढी टाकीवर बसलेली आहे. आधी तिला जपा.