वेग हीच मात्रा

गणपतीच्या जागरणाला किंवा दिवाळीत पाहुणेरावळे जमले की पत्त्यांचा डाव बसतो. पत्ते पिसायचे, काटायचे, वाटायचे. मग हिशेबावरून वाद, मध्येच चहा. तासाभरात फार तर वीस-पंचवीस डाव होतात. दोन डावांमधल्या या रिकाम्या वेळाकडे कुणाचे लक्ष जात नाही. पण मेंदूच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा असतो. हरलेला माणूस त्यात भानावर येतो, खिसा चाचपतो आणि उठून जाऊ शकतो.

ऑनलाइन पोकरने हा रिकामा वेळच काढून टाकला. 'टेक्सास होल्डेम' या लोकप्रिय प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात आणि पाच पत्ते टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी उघडले जातात. पत्ते बरे नसतील तर डाव सोडता येतो. प्रत्यक्ष टेबलावर डाव सोडणाऱ्याला तो संपेपर्यंत थांबावे लागते. २०१० मध्ये आलेल्या 'फास्ट-फोल्ड' प्रकारात मात्र डाव सोडण्याचे बटण दाबताच खेळाडू दुसऱ्या टेबलावर, नव्या प्रतिस्पर्ध्यांसमोर, नवे पत्ते घेऊन बसलेला असतो. कॅसिनोच्या टेबलावर तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात. इथे २०० ते २५० होतात. त्यात हा 'कॅश गेम' असेल तर प्रत्येक चिप म्हणजे थेट रुपये. संपले की पुन्हा भरायचे. खेळ कधी संपला, हे सांगणारी घंटा नाही.

पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर आपल्याकडे न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने तो भेद बाजूला ठेवून पैशांच्या सर्वच ऑनलाइन खेळांना मनाई केली. वैद्यकशास्त्रासाठीही तो वाद दुय्यम आहे. कोणत्याही मादक द्रव्याबाबत डॉक्टर आधी दोन गोष्टी विचारतात: किती घेता आणि किती वेळाने घेता? जुगाराबाबतही हेच विचारायला हवे. तिथे वेग हीच मात्रा असते.

साधा हिशेब पाहा. शंभर डावांमागे सरासरी शंभर रुपये हरणारा माणूस कॅसिनोच्या टेबलावर चार तासांत शंभर डाव खेळेल आणि शंभर रुपये घालवेल. तोच माणूस तेवढ्याच कौशल्याने आणि तेवढ्याच नशिबाने फास्ट-फोल्ड खेळला, तर चार तासांत हजार डाव होतील आणि हजार रुपये जातील. दोन खिडक्या उघडल्या तर दोन हजार. शिवाय कंपनी प्रत्येक मोठ्या डावातून आपला हिस्सा कापून घेते. डाव जितके जास्त, तितकी कंपनीची कमाई जास्त. म्हणून वेग वाढवण्यात खेळाडूपेक्षा कंपनीचे हित अधिक.

या खेळाचे डावपेच शिकवणारे जाणकार जे सांगतात, ते गणिताच्या दृष्टीने चुकीचे नाही. बहुतेक डाव सुरुवातीलाच सोडा. एका वेळी टेबलावर नेता त्याच्या निदान वीस-तीस पट रक्कम गाठीशी ठेवा. तोट्याची मर्यादा आधी ठरवा. राग आला की उठा. पण हे नियम पाळायला लागतो तो सावकाश विचार करणारा, थकवा न आलेला मेंदू. आणि हा खेळ नेमका त्यालाच थकवतो. प्रतिस्पर्ध्याची सवय ओळखणे हे पोकरमधले खरे कौशल्य. फास्ट-फोल्डमध्ये दर डावाला समोरची माणसे बदलत असल्याने त्यालाही फारसा वाव उरत नाही.

मेंदूत काय घडते, हेही आता बरेच ठाऊक आहे. बक्षीस दर वेळी न मिळता अधूनमधून, कधी मिळेल याचा नेम नसताना मिळाले, तर त्यासाठीची कृती सुटता सुटत नाही, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवले. मेंदूतील डोपामिनच्या पेशी अनपेक्षित बक्षिसाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, हे वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील संशोधनातून पुढे आले. पोकरमध्ये एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांतून एकदा हाती येते. कॅसिनोत त्यासाठी आठ-नऊ तास बसावे लागेल. इथे ती साधारण तासाला एकदा येते. आणि ती आली तरी समोर राजांची जोडी असेल, तर सर्व पत्ते उघडल्यावर शंभरांतून सुमारे अठरा वेळा एक्के हरतात.

अशा वेळी जे होते त्याला खेळाडू 'टिल्ट' म्हणतात. आपण डोके फिरणे म्हणतो. हरलेले परत मिळवण्यासाठी माणूस मोठ्या रकमा लावतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडले होते की, तोटा समोर दिसू लागला की माणूस अधिक जोखीम पत्करतो. त्यात जागरण असेल तर मेंदू तोट्याकडे दुर्लक्ष करून फायद्याच्या आशेकडे झुकतो, असेही प्रयोगांत दिसले आहे. रात्री दोन वाजता ही सगळी कारणे एकत्र येतात.

'मी चांगला खेळतो, सध्या फक्त नशीब वाईट आहे' हे वाक्य जुगाऱ्यांच्या तोंडी नेहमी असते. पोकरमध्ये ते खरेही असू शकते, आणि म्हणूनच ते घातक आहे. उत्तम खेळाडूसुद्धा दहा हजार डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता दहात जवळपास तीन असते. मग कच्च्या खेळाडूने आपण कच्चे आहोत हे ओळखायचे कसे? त्याला ते कळेपर्यंत घरातले दागिने, कर्जाचे हप्ते आणि मुलांची फी पणाला लागलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात जुगाराचा विकार व्यसनांसोबत गणला आहे. ते २०२२ पासून लागू झाले. तरीही बाह्यरुग्ण विभागात तंबाखू आणि दारूची चौकशी होते, जुगाराची होत नाही. तरुण रुग्ण झोप न येणे, छातीत धडधड, ॲसिडिटी अशा तक्रारी घेऊन येतो, गोळ्या घेऊन जातो आणि मूळ कारण फोनमध्येच राहते. दोन प्रश्न पुरेसे असतात: पैसे अधिकाधिक लावावेसे वाटतात का? किती खेळता हे घरच्यांपासून लपवावे लागले का? एकाचेही उत्तर 'हो' असेल तर पुढची चौकशी हवी. कंपवातासाठी प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल घेणाऱ्या काही रुग्णांना तर औषधामुळेच जुगाराची ओढ लागते. अशा घरांत ज्येष्ठांच्या फोनकडे लक्ष ठेवावे. पण औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

कायद्याने दुकान बंद केले तरी परदेशी संकेतस्थळांची वाट काही जण शोधतातच. खेळवणाऱ्यांना या कायद्यात शिक्षा आहे, केवळ खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे मदत मागताना पोलिसांचे भय बाळगण्याचे कारण नाही. विचार आणि वर्तन बदलण्याचे मानसोपचार उपयोगी ठरतात. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत सल्ला मिळतो. घरच्यांनी दोन गोष्टी कराव्यात: कर्ज गुपचूप फेडून टाकू नये, आणि पैशांचे व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हाती द्यावेत. फोनवरून पैसे भरायला दुसऱ्याची परवानगी लागली की पत्ते पिसण्याएवढी तरी उसंत पुन्हा मिळते. सावरायला अनेकदा तेवढी उसंतच हवी असते.