मीठबंदर रोडवरचे मीठ

१/ ठाणे स्थानकाच्या पूर्वेस उतरले की कोपरी लागते. तेथून खाडीच्या अंगाने जाणाऱ्या रस्त्याचे नाव मीठबंदर रोड. रिक्षावाले, टपालाचे पत्ते, दुकानांच्या पाट्या, सर्वत्र ते नाव रोज वापरात आहे. मिठाचा संबंध मात्र आता वाण्याकडच्या पिशवीपुरताच उरला. आजचा धागा त्या नावामागच्या धंद्याविषयी आणि तो करणाऱ्यांच्या विस्मरणाविषयी.

२/ ठाण्याची खाडी उथळ, किनारा सपाट, ऊन कडक. मिठाला याहून अधिक काही लागत नाही. लागते ते माणसाचे अंग. पावसाळा सरला की वाहून गेलेले बांध पुन्हा घालायचे, वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून घट्ट करायची, उधाणाच्या भरतीचे पाणी आत घेऊन कोंडायचे. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचे. शेवटच्या वाफ्यात दाणा धरला की लाकडी फळीने ओढून काठावर रास करायची. मग टोपल्या डोक्यावर. पहिल्या पावसाच्या आत हे सारे उरकायचे. मिठाने चिरलेल्या टाचा हा या धंद्याचा कायमचा दाखला होता.

३/ या भागातील आगरी समाजाचे नावच ‘आगर’ या शब्दावरून आले, अशी सर्वपरिचित व्युत्पत्ती आहे. भातखाचर, मासेमारी आणि मिठागर अशा तीन कामांवर एकेका घराचे वर्ष निघत असे. शेजारच्या चेंदणी कोळीवाड्याचे १८५३ साली रेल्वेने दोन भाग केले. १६ एप्रिलच्या त्या पहिल्या गाडीचे कौतुक पाठ्यपुस्तकात आहे. दुभंगलेल्या वस्तीचे नाही.

४/ मीठ पिकवणारा आणि मिठाचा मालक हे एक नव्हते. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने परवान्यावाचून मीठ काढणे गुन्हा ठरवले. १८८८ साली करच मणाला अडीच रुपयांवर गेला होता. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. ज्याने रास रचली, त्याला त्यातले मूठभर उचलायचीही मोकळीक नव्हती. १९३० साली वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रही चालून गेले, ते याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला. १ एप्रिल १९४७ पासून कर उठला.

५/ कर गेला, मालकीचा प्रश्न राहिला. मीठ हा राज्यघटनेत केंद्रसूचीतील विषय. मीठ आयुक्तांचे कार्यालय जयपूरला! खाडीकाठच्या चिखलाचे भवितव्य वाळवंटाच्या वेशीवरून ठरावे, यातला विनोद मिठागर कामगारांना फारसा कळला नसावा.

६/ पुढे धंदा एका घावाने मेला नाही, आटत गेला. देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक मीठ गुजरातेत होऊ लागले. २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास बंदी आली. खाडीचे पाणी गढूळ झाले. मुले कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गेली, आणि त्यात त्यांची चूक काहीच नव्हती. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी कोपरीला नवी ओळख दिली, मग इमारती उभ्या राहिल्या.

७/ आता मुद्द्याचे. सप्टेंबर २०२४ मध्ये धारावी पुनर्विकासासाठी मिठागरांची २५५.९ एकर जमीन देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला: कांजूरचे आर्थर, कांजूर-भांडुपचे जेन्किन्स आणि मुलुंडचे जमास्प. तेव्हापासून वाद चालू आहे. एक बाजू घरांची गरज सांगते, दुसरी पुराचे पाणी आणि रोहित पक्षी. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ठाणे खाडीच्या रोहित अभयारण्याला २०२२ साली रामसर दर्जाही मिळाला. परंतु दोन्ही बाजू त्या जमिनीला ‘मोकळी’ म्हणतात, आणि तेथेच पाय घसरतो.

८/ दरवर्षी हातांनी घडवावी लागणारी जमीन मोकळी कशी? मिठागरांच्या नावांत आर्थर, जेन्किन्स आणि जमास्प टिकले. बांध घालणाऱ्या एकाही घराचे नाव टिकले नाही. नवी मुंबईत भूसंपादन झाले तेव्हा आगऱ्यांनी लढून साडेबारा टक्के भूखंड मिळवले, कारण त्यांच्यापाशी सातबारा होता. मिठागरात राबणाऱ्यापाशी हंगामी मजुरीखेरीज काय होते? जमीन गेली तरी त्याचे काही ‘गेले’ अशी नोंद होत नाही.

९/ अमेरिकेतील ॲरिझोनात बिस्बी नावाचे गाव आहे. तेथील तांब्याच्या खाणी १९७५ साली बंद पडल्या. पुढच्याच वर्षी एक जुनी खाण पाहुण्यांसाठी उघडली गेली आणि वाट दाखवायला उभे राहिले ते तिथलेच जुने खाणकामगार. त्याने गेलेला रोजगार परत आला असे कोणी म्हणणार नाही. तरी ती खाण कोणी खणली, हे तेथे पाहुण्यालाही ठाऊक असते.

१०/ ठाण्याला एवढे मोठे काही करावे लागत नाही. खाडीकाठी चार वाफे राखावेत, हंगामात त्यांत खरेच पाणी घ्यावे. महापालिकेने चेंदणी-कोपरीतील वयोवृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात: वाफ्यांची नावे, मजुरीचे दर, कोणत्या तिथीच्या भरतीला पाणी आत घेत, मचवे कोणत्या धक्क्याला लागत. हे सांगू शकणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. हे काम येत्या दिवाळीच्या आत सुरू व्हावे. पूर्वी आगरातले कामही त्याच सुमारास सुरू होत असे.