जबडा मोडला तरच पैसे?



गेल्या गळीत हंगामात आमच्या गटातील एका सभासदाची दाढ दुखू लागली. शेतात तोड चालू, बांधावर ट्रॅक्टर उभा, दाढेकडे बघायला सवड कुणाला? लवंग चावून झाली, मिश्री दाबून झाली, मेडिकलमधली गोळी झाली. पंधरा दिवसांत गाल इतका सुजला की भाकरीचा तुकडा आत जाईना. तेव्हा कुठे नाशिक गाठले. डॉक्टर म्हणाले, रूट कॅनॉल करून वर कॅप बसवू, दाढ वाचेल. खर्चाचा आकडा ऐकल्यावर घरच्यांनी रेशनकार्ड पुढे केले. "फुल्यांच्या योजनेत बसवा की, साहेब." ते काही बसेना. शेवटी दाढ उपटून मंडळी घरी आली.

त्याच महिन्यात ट्रॉलीवरून पडून एका तरुणाचा जबडा मोडला. त्याचे ऑपरेशन झाले, तारा बसल्या, आणि घरच्यांना बिलापोटी एक पैसा द्यावा लागला नाही. रेशनकार्ड तसेच, योजना तीच. झाले, पारावर चर्चा सुरू झाली की त्याचा वशिला होता म्हणून. वशिला कसला? नियमच तसा आहे. तो नियम आपण समजून घ्यावा, आणि जिथे चुकतो तिथे चुकतो म्हणावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

ही योजना राज्यात २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत नाशिक नव्हते. पुढच्या वर्षी ती सगळ्या राज्यात आली, २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि २०२३ साली सरकारने ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा व मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. चांगलेच झाले. पण ही योजना मुळात दवाखान्यात दाखल होऊन घेण्याच्या उपचारांची आहे. मोडलेला जबडा तिच्यात बसतो, तोंडाच्या कॅन्सरचे ऑपरेशन बसते. खुर्चीत बसून अर्ध्या तासात भरायचा दात मात्र बसत नाही. खाजगी मेडिक्लेम घेणाऱ्यांचाही अनुभव बहुतेक असाच असतो.

आता पैसे मिळतात कसे, तेही पाहू. आपल्याला उसाच्या भाषेत ते लवकर कळेल. नोंद नसलेला ऊस तोडून काट्यावर आणला तर काय होते, हे सांगायला नको. इथेही तसेच. आधी नोंद, मग तोड. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार त्याला दाखवायचे. तो नोंद करतो. मग रुग्णालय एक्स-रे, फोटो, तपासण्या जोडून मंजुरी मागते. मंजुरी आली की उपचार. पेशंट घरी गेल्यावर रुग्णालय कागद वर पाठवते आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा होतात. आपल्या हातात पैसे येत नाहीत, आणि यायलाही नकोत. आधी खिशातून भरायचे, मग पावत्या घेऊन योजनेकडे परत मागायचे, हा मार्ग इथे चालत नाही. आमचे कितीतरी सभासद इथेच फसतात. म्हणून रुग्णालयात पाय ठेवताच पहिला प्रश्न विचारावा: आरोग्यमित्र कुठे बसतो? शंका असेल तर १५५३८८ या नंबरवर विचारावे.

कारखान्यातील कामगार बंधू म्हणतील, सातपूरला कामगार विम्याचे दवाखाने आहेत, तिथे दातही बघतात, मग आपल्याला ते का नाही? याचे उत्तर कडू आहे. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने बाहेर ठेवले, आणि हंगामी म्हणजे कोणते हे सांगताना साखर आणि गूळ ही नावे घेऊनच लिहिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखाना विम्याबाहेरच ठेवला. गाळप हंगामी असेल, पण दात काय फक्त हंगामात किडतो?

थोडे परदेशाकडेही पाहू. कुणाला वाटेल, हे कशाला? पण आज आपल्या गावागावांतून कुणाचा मुलगा, कुणाची सून विलायतेत आहे. सुगी आटोपली की म्हातारी माणसे तिकडे दोन-तीन महिने राहून येतात. बरोबर दुखरी दाढही जाते. इंग्लंडात सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तीही १९४८ सालीच. तिथे दात हा सुरुवातीपासून सेवेचा भाग. पहिली काही वर्षे तर सगळे फुकट होते, १९५१ पासून कवळीला पैसे पडू लागले. २००६ पासून उपचारांचे तीन गट केले आहेत. पेशंटने आपल्या गटाची ठरलेली रक्कम भरायची, आणि उपचार संपल्यावर दोन महिन्यांच्या आत डॉक्टरने हिशेब सरकारी कचेरीला पाठवायचा. फी माफ असल्याची खोटी सही केली तर पेशंटला दंड बसतो. आणि विशेष म्हणजे पाहुणा असो वा रहिवासी, सरकारी दंतवैद्याकडे फी सारखीच. अडचण एवढीच की असा डॉक्टर नवा पेशंट घेईलच असे नाही. पण हेच दुखणे वाढून मोठ्या रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली, तर पाहुण्याकडून दीडपट दराने पैसे घेतात. तेव्हा जाणाऱ्यांनी दात इथेच दाखवून जावे. प्रवासाचा विमा घेताना दाताचे कलम वाचून घ्यावे. तिकडून आलेल्या मुलाबाळांनी इथे दात करून घेतला, तर बिलावर दाताचा नंबर आणि उपचाराचे नाव लिहून घ्यावे. डॉक्टरांच्या हिशेबात प्रत्येक दाताला नंबर असतो. डावीकडची खालची पहिली मोठी दाढ म्हणजे ३६. नुसते "दाताचे काम" असे मोघम बिल पुढे कुठलीच कंपनी धरत नाही.

विलायतेचे सगळे चांगले आणि आपले सगळे वाईट, असे आम्हांस मुळीच म्हणायचे नाही. तिथेही दंतवैद्य मिळेना म्हणून लोक कुरकुरतात. पण लहान दुखण्यालाच सरकारी पैसा लावायचा, ही त्यांची रीत शहाणपणाची आहे. आपण उसाला पहिली खुरपणी चुकवत नाही, कारण तण वाढल्यावर दुप्पट मजुरी जाते. दाताच्या बाबतीत मात्र सरकारही आणि आपणही तण कमरेएवढे होण्याची वाट बघतो.

तंबाखूचेही तेच. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण ऊसतोडीच्या फडात तोबरा भरलेला नाही असे तोंड शोधावे लागेल. गालात पांढरा चट्टा आहे तोवर कुणी बघत नाही. गाठ झाली की मग लाखांचा क्लेम मंजूर. तो मंजूर झाला याचा आनंद मानायचा की माणूस गेला याचे दुःख करायचे?

आमचे स्पष्ट मत असे: दात भरणे, रूट कॅनॉल, म्हाताऱ्यांची कवळी आणि तोंडाची वार्षिक तपासणी ही कामे सरकारी योजनेत आली पाहिजेत. तसा ठराव आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेने करून सरकारकडे पाठवावा. तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत, त्याचा लाभ घ्यावा. नाशिक शहरात दंत महाविद्यालय आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठही आहे. संचालक मंडळाने मनावर घेतले, तर बॉयलर पेटण्याआधी गटवार दंततपासणी अवघड नाही. आणि या तपासणीत टोळीवाल्यांना विसरू नये. त्यांचे रेशनकार्ड दुसऱ्या जिल्ह्याचे असले तरी फुल्यांची योजना राज्यभर चालते, हे त्यांना कोप्यावर जाऊन सांगायला हवे. प्रत्येक गट ऑफिसात हे कागद समजावून देणारा एक माणूस नेमावा.

आमच्या त्या सभासदाची दाढ गेली ती गेलीच. आता तो एका बाजूने चावतो. परवा काट्यावर भेटला तेव्हा म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर जबडाच मोडून घेतला असता." आम्ही हसलो खरे, पण घरी येईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून गेले नाही.