विठोबाचे चरण आणि आपले पाय

आषाढी एकादशी जवळ आली की भोईवाडा, नायगाव, परळ या भागांतील घराघरांतून वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराकडे पायी जाण्याचे बेत ठरू लागतात. ज्यांना पंढरपूर गाठणे घडत नाही त्यांच्यासाठी वडाळा हीच पंढरी. या पायी जाणाऱ्यांत वृद्ध पुष्कळ असतात, मधुमेही असतात, आणि अनवाणी जाण्याचा नवस बोललेलेही थोडेथोडके नसतात. ज्याच्या ठायी मधुमेह आणि हा नवस दोन्ही एकत्र आले आहेत, त्या भाविकासाठी आजचा हा लेखनप्रपंच. ज्याच्या तळपायाची संवेदना गेली आहे, त्याने अनवाणी चालू नये आणि घरच्यांनीही त्याला चालू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत श्रद्धेच्या विरोधात आहे असे कोणी समजू नये. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट असंख्य वारकरी पायांत वहाणा घालूनच चालतात आणि त्यांच्या वारीत काही उणे राहत नाही. वाटेवरील गावांत त्यांचे पाय चेपून देण्याची, तुटलेल्या वहाणा शिवून देण्याची सेवा पुण्याची मानली जाते. पालखीत विराजमान असतात त्याही संतांच्या पादुकाच. पंढरपुरात तर देवाच्या चरणांवर मस्तक ठेवण्याची मुभा सर्वांना आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या स्पर्शाने पाषाणाचे चरणही झिजतात, म्हणून मूर्तीला वेळोवेळी वज्रलेप करावा लागतो. 2020 साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी तो केला. देवाच्या चरणांची पाहणी तज्ज्ञांकडून होते, आणि आपले पाय मात्र वर्षानुवर्षे कोणी उलटून पाहत नाही!

या विषयाचे मर्म समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. त्याच वडाळ्यात ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. 1890 साली स्थापन झालेली ही संस्था, ज्यांचे नाव तिला मिळाले ते ॲकवर्थसाहेब मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. (शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह सिद्ध करणारे तेच हे गृहस्थ.) कुष्ठरोग्याची बोटे रोगाने आपोआप गळून पडतात, अशी समजूत दीर्घकाळ होती. तमिळनाडूतील वेल्लोर येथे 1946 पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ती खोडून काढली. रोग मज्जातंतूंना मारतो. वेदना कळेनाशी होते. मग खडा रुतला, चटका बसला, फोड फुटला तरी रुग्ण चालतच राहतो, आणि त्या न कळलेल्या जखमाच पायाचा घास घेतात. कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो. परंतु बधिर पायांविषयी त्या रुग्णांनी जे शिकविले, तेच पुढे मधुमेहींच्या उपचारात जगभर उपयोगी पडले. मऊ रबरी तळव्याच्या ज्या खास चपला कुष्ठरुग्णांना दिल्या जातात, तशाच मधुमेहींनाही सुचविल्या जातात.

मधुमेह बराच काळ अंगात मुरला की तोही तळपायाचे मज्जातंतू असेच निकामी करतो. प्रारंभी मुंग्या येतात, रात्री आग होते, कापसावर चालल्यासारखे वाटते. पुढे काहीच वाटेनासे होते. ‘‘दुखत नाही ना, मग काळजी कसली?’’ हे वाक्य आपल्या घरांतून सर्रास ऐकू येते. बधिर पायाच्या बाबतीत याइतके घातक वाक्य दुसरे नसेल. नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवून ही संवेदना काही क्षणांत तपासता येते. प्रत्येक मधुमेहीने वर्षातून एकदा तरी ती तपासून घ्यावी, आणि नवस बोलण्यापूर्वी तर अवश्य.

इतर तक्रारी तुलनेने साध्या. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पाय धुऊन बेचके कोरडे ठेवावे, मलम लावावे, आठ-पंधरा दिवसांत उतार न पडल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. टाचांच्या भेगांना रोजचे तेल किंवा व्हॅसलीन पुरते, पण भेगेतून रक्त येऊ लागले की घरगुती उपाय थांबवावेत. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला टाचेत कळ येत असेल, तर पायाचा ताण काढणारे व्यायाम आणि मऊ वहाणा यांनी बहुधा आराम पडतो. कुरूप मात्र ब्लेडने कापू नये, आणि मधुमेहीने त्यावर दुकानातली औषधी पट्टीही चिकटवू नये; त्यातील आम्लाने भोवतालची निरोगी कातडीही जळते. बधिर पाय कढत पाण्यात बुडविणे हाही असाच आत्मघात. हिंदमाता परिसरातील तुंबलेल्या पाण्यातून जखमेच्या पायाने जाणे घडले, तर लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधाविषयी डॉक्टरांना त्वरित विचारावे. 2005 च्या महापुरानंतर मुंबईने या रोगाची साथ अनुभवली आहे.

विलायतेत पायांसाठी पोडियाट्रिस्ट हा निराळा तज्ज्ञ असतो. आपल्याकडे असे तज्ज्ञ अद्याप विरळ. पण म्हणून पाय वाऱ्यावर सोडावेत असे नाही. घरचे डॉक्टर, मधुमेहतज्ज्ञ, शल्यचिकित्सक हे काम करतात, आणि 1926 पासून परळला उभे असलेले केईएम रुग्णालय भोईवाड्याला जवळच आहे. मधुमेहीच्या पायाला फोड किंवा जखम झाली, मग ती कितीही लहान असो, दुसऱ्याच दिवशी दाखवावी. हळद भरून वाट पाहू नये. बोट काळे पडले, दुर्गंधी सुटली, लाली वर चढू लागली, ताप आला, किंवा जखम नसतानाही एकच पाय सुजून गरम लागला, तर त्याच दिवशी, मग ती एकादशी का असेना. चालताना पोटरी भरून येते आणि थांबल्यावर बरे वाटते, अशी तक्रार मिश्री-तंबाखूची सवय असलेल्यांनी विशेष गांभीर्याने घ्यावी. ती बहुधा रक्तवाहिनी अरुंद झाल्याची खूण असते.

मंदिरात वहाणा काढाव्याच लागतात. तेवढ्यापुरते जाड सुती पायमोजे घालावेत, आणि ते पांढरेच असावेत. बधिर पायाला खडा लागलेला कळत नाही, पण पांढऱ्या मोज्यावरचा रक्ताचा डाग दिसतो. घरी परतल्यावर हातपाय धुण्याची रीत आपल्याकडे आहेच. त्याच वेळी सुनेने, मुलाने वा नातवाने आजी-आजोबांचे तळवे आणि बेचके उजेडात पाहून घ्यावेत. एकटे राहणाऱ्यांनी जमिनीवर आरसा ठेवून पाहावे.